दहाच्या खाली उरलं की

रविवार, ३ मार्च

मोठ्या अन्यायांची नोंद घ्यायला मोठी माणसं बसलेली आहेत. लहान अन्यायांना वाली नाही, म्हणून हे मीच लिहून ठेवते: आज सलग पाचव्या रविवारी मला डुगडुगती खुर्ची मिळाली. एकूण खुर्च्या अठरा. सतरा धडधाकट. अठरावीचा मागचा पाय बोटभर आखूड. जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात, तेव्हा यात कुणाचाही हात नाही, असं पडदेवाला शपथेवर सांगतो. मी त्या पायाखाली कागदाची घडी ठेवते. पुढच्या रविवारी घडी गेलेली असते, खुर्ची असते. चार तास असं बसलं की एक्का आला तरी मी कलते आणि दुर्री आली तरी कलते. समोरच्यांना वाटतं, बाईंचा काहीतरी डाव आहे. डाव कसला, पाय आखूड आहे.

ही वही कुणाच्या हाती लागली तर गैरसमज नको. मी जुगारी नाही, मी कवळ्या करते. चोवीस वर्षं एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मेणात दात रोवते आहे. रविवारी दुपारी तीनला मात्र त्या पडदेवाल्याच्या पडद्यांच्या दुकानावरच्या खोलीत जाते. तिथे अठरा माणसं सिनेमाच्या तिकिटाएवढे पैसे भरून पोकर खेळतात. सगळ्यांना सारख्या चिप्स. संपल्या की घरी. शेवटच्या तिघांना बक्षीस, चौथ्याला चहा.

यातली गंमत अशी की नुसतं गप्प बसूनही चिप्स संपतात. पानं बघण्याआधीच पाळीपाळीनं काही चिप्स मध्ये टाकाव्या लागतात. त्याला म्हणायचं ब्लाइंड. आणि दर वीस मिनिटांनी पडदेवाला घंटी वाजवून ब्लाइंड वाढवतो. घरभाड्यासारखंच, फक्त घरमालक दर वीस मिनिटांनी दारात.

आज सहावी गेले.

चहाच्या सुट्टीत मापकाका शेजारी येऊन उभे राहिले. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, म्हणून मापकाका. वय बहात्तर, घरी एकटे. त्यांच्या तोंडातले वरचे-खालचे मिळून अठ्ठावीस दात माझे आहेत. फेब्रुवारीतच बसवले. खोलीत दुसऱ्या कुणाशी माझं इतकं जवळचं नातं नाही.

"ताई, जरा एक बोलायचं होतं."

"बोला की. पण आधी माझं ऐका," म्हणून मीच सुरू झाले. दवाखान्यातली खोली बंद होणार. धाकट्या डॉक्टरला सगळं काम बाहेरच्या मशीनवर करून हवंय. गेल्या महिन्यापासून त्यानं एक तक्रारवहीसुद्धा घातली आहे. "माझ्या हातच्या कामाची एक तक्रार आली की त्याला आयतंच कोलीत, काका. चोवीस वर्षांत एक नाही, सांगते तुम्हाला."

काका बिस्कीट हातात धरून ऐकत होते.

"तुमचं काय होतं?"

"काही नाही. विसरलो."

बिस्कीट त्यांनी परत बशीत ठेवलं. वयानं भूकही कमी होते.

मंगळवार, ५ मार्च

धाकट्या डॉक्टरनं आज पुन्हा आठवण केली. हा माझ्याहून सोळा वर्षांनी लहान. मी त्याच्या वडिलांच्या हाताखाली लागले तेव्हा शाळा सुटली की येऊन माझ्याकडचं मेण पळवायचा आणि त्याचे हत्ती करायचा. हत्ती वाईट व्हायचे. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"मॅडम, दोन पर्याय दिलेत मी तुम्हाला. पुढे काउंटरवर बसा, पगार तोच. नाहीतर नोकरी सोडा आणि टेबल, मोटर, भट्टी, सगळं घेऊन जा. आपला हिशोब त्यातच चुकता. घरून काम करा. जमेल तसं काम मी देईन, आणखी दोन-तीन डॉक्टर देतील."

"जमेल तसं म्हणजे किती?"

"ते आता कसं सांगणार? मार्चअखेर काय ते कळवा. एक तारखेला सुतार येतोय."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बघू." नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अर्ध्या शहराला वर-खाली करतो, स्वतः मात्र गेली सव्वीस वर्षं 'बघू' या मजल्यावर अडकलेला आहे.

रविवार, १० मार्च

चौथी. म्हणजे चहा.

सहाजण उरलो तेव्हा माझ्याकडे ब्लाइंडच्या नऊपट चिप्स होत्या. राजा-गुलाम आले, टाकले. एक्का-सत्ती आली, टाकली. मनात एकच: आपण गप्प बसावं, कुणीतरी आधी जाईल. दोघं गेलेही. मग आम्ही चौघं उरलो. मी, मापकाका आणि दोन व्याही. या व्याह्यांचं एक वेगळंच. मुलाच्या बापानं ऑल-इन केलं, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं पुढे ढकललं, की मुलीचा बाप हातात काहीही असो, पानं टाकतो. "छे छे, तुमचं चालू द्या." मुलीच्या सासऱ्याला बाहेर काढून घरी काय तोंड दाखवणार? मुलाच्या बापाला हे पक्कं ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत तो फक्त व्याह्यांच्या जिवावर सात वेळा पहिला आलाय. याला सोयरीक म्हणायचं की वसुली, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर मी थांबले. घंटी झाली. थांबले. पुन्हा घंटी झाली. माझ्याकडे दुप्पट उरलं, आणि मग आले दोन एक्के. चार तासांत पहिल्यांदा. लावलं सगळं. सगळं म्हणजे एवढंसं. तिघंही "चला, एवढ्याशाला काय" म्हणत आत आले आणि मध्ये पडलेल्या सामाईक पानांशी जुळून मुलीच्या बापाच्या तिर्री-चौकीनं माझे एक्के मोडले. माझ्यासमोर त्याला भीड आड आली नाही. मी कुणाची सासू नाही.

पहिले आले मापकाका. जिन्यात मला गाठलं.

"एक्के कधी आले, ताई?"

"शेवटी."

"लावायला काय होतं?"

"काही नाही."

"मग ते एक्के नव्हते. नुसती चित्रं."

मग उभ्याउभ्याच त्यांनी मला तो नियम सांगितला. ब्लाइंडच्या दहापट उरेपर्यंत वाट्टेल तसं खेळा. दहाच्या खाली उरलं की पानांकडे बघणं कमी करायचं, उरलेल्याकडे बघायचं. आपल्या आधीच्या सगळ्यांनी पानं टाकली आणि मागे भित्रे बसलेत असं दिसलं, की हातात बरं काही असलं तर सगळं पुढे. अर्धंमुर्धं नाही. "आठ-नऊपट असलं की समोरचा घाबरतो, सोडून देतो. दुप्पट उरलं की कोण घाबरतंय? भीती घालायलासुद्धा गाठीला काही लागतं, ताई."

"आणि घाबरला नाही तर?"

"तर घरी. सातला जायचं ते साडेसहाला."

बोलताना सारखा रुमाल तोंडाला. जुन्या माणसांची अदब वेगळीच.

बुधवार, १३ मार्च

काकांचा नियम तीन दिवस डोक्यात घोळतोय. पत्त्यांसाठी उत्तम आहे. पत्त्यांचं बरं असतं, तिथे घंटी वाजते.

आज मी स्वतःशी एक करार केला: या महिन्यातल्या एका जरी रविवारी पहिली आले तरी टेबल घेऊन घरी यायचं. नाही आले तर काउंटर. निदान आपण ठरवलं नाही असं म्हणायची सोय. नवऱ्याला सांगितलं नाही. तो "बघू" म्हणाला असता.

तसाही तो सध्या बाल्कनीत काहीतरी खुडबुड करतोय. जुने डबे, मोडकी सायकल, माझी तुळतुळीत घासून ठेवलेली बाटल्यांची रास, सगळं भंगारात दिलं. न विचारता. आणि भिंतीत नवा प्लग बसवला, गुडघ्याच्या उंचीवर.

"हा कशाला?"

"इस्त्रीला."

"बसून करणार इस्त्री?"

"बघू."

बाटल्यांबद्दल दोन दिवस अबोला धरायचं ठरवलंय.

रविवार, १७ मार्च

तिसरी. बक्षीस मिळालं. थोडकं, पण पाकिटातून. पाकीट हातात घेतल्यावर पडदेवाल्यासमोर उगाच पदर नीट केला.

पाचजण उरले असताना माझ्याकडे आठपट होतं. राणी-अठ्ठी आली. गेल्या रविवारी हसत टाकली असती. आज आधीच्या दोघांनी टाकली, मागे दोघंच उरले, आणि मी सगळं पुढे ढकललं. ढकलल्यावर पहिल्यांदा कळलं की आपले हात किती रिकामे होतात. करायला काही उरतच नाही. मांडीवर ठेवून बसायचं. दोघांनीही टाकली. पुन्हा दोन फेऱ्यांनी राजा-पंजी, पुन्हा सगळं पुढे, पुन्हा सगळ्यांनी टाकली. मुलीचा बाप म्हणाला, "बाई आज सुटल्यात."

"सुटले नाही, व्याही. दहाच्या खाली आहे."

"आम्ही तुमचे कसले व्याही?"

"म्हणूनच तर तुम्हाला घाबरवता येतंय."

पण आजची खरी कमाई वेगळी. मला मापकाकांची खूण सापडली.

लोक डोळ्यांत बघतात. डोळे खोटं बोलतात, ओठ तर बोलतातच. मी जबडा बघते, चोवीस वर्षं दुसरं केलंय काय? कानाखाली, गालाच्या मागच्या बाजूला चावण्याचा एक जाड स्नायू असतो. माणूस दात आवळतो तेव्हा तो उडतो. आज शेवटी शेवटी काकांनी तीनदा सगळं पुढे ढकललं, आणि तिन्ही वेळा त्यांचा डाव्या बाजूचा स्नायू टुणकन उडाला. दोनदा सगळ्यांनी सोडलं. तिसऱ्यांदा मुलाच्या बापानं "बघतो" म्हटलं, म्हणजे तेवढंच लावून पानं उलटायला लावली, तर काकांच्या हातात काय? सत्ती-दुर्री. शुद्ध थाप.

म्हणजे डावा जबडा उडाला की काकांच्या हातात काही नसतं. आणि हे अख्ख्या खोलीत फक्त मला दिसतं. त्यांचे दात माझे, त्यांचा जबडा माझा. जवळजवळ चोरी केल्यासारखं वाटतंय. जवळजवळच.

सगळे म्हणतात, काका अलीकडे फार गंभीर खेळतात, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. पूर्वी दर हाताला एक विनोद करायचे.

बुधवार, २० मार्च

काही नाही. दोन कवळ्या, एक दुरुस्ती. डॉक्टर दारातून डोकावून गेला, हातात मोजपट्टी होती. माझ्या खोलीची रुंदी घेतली. मी आत बसलेली असताना, माझ्यासकट.

रविवार, २४ मार्च

खूण खरी ठरली.

चौघं उरलो होतो. काकांनी सगळं पुढे ढकललं. डावा जबडा उडाला. माझ्याकडे राजा-नव्वी, एरवी विचार केला असता. मी लगेच म्हटलं, "बघते." काकांची पानं गुलाम-तिर्री. मधल्या सामाईक पानांत कुणाच्या कामाचं काही आलं नाही, माझा राजा मोठा. काका चौथे, घरी.

"छान ओळखलंत," म्हणाले. रागावले अजिबात नाहीत. चहा घेतला नाही, पाणी घेतलं, तेही एका बाजूनं, चिमणीसारखं. जिन्यात गालाला हात लावून थांबले होते. हरल्याचं लागलं असावं. माणूस कितीही वरवर शांत असला तरी आत लागतंच.

मी दुसरी आले. शेवटी मुलाचा बाप समोर, आणि त्याच्या जबड्यात वाचण्यासारखं काही नाही. तो माणूस झोपेतही चघळत असावा.

आता एकच रविवार उरला. नेमकी महिन्याची शेवटची तारीख.

गुरुवार, २८ मार्च

आज काउंटरवरची नवी खुर्ची आली. फिरते. पाठीला आधार. डॉक्टर कौतुकानं म्हणाला, "बसून तर बघा, मॅडम." बसले. दोन गिरक्या घेतल्या. माझ्या रविवारच्या खुर्चीच्या मानानं सिंहासनच. समोर फोन, आणि फोनखाली कागद चिकटवलेला: कोणाचाही फोन आला की आधी म्हणायचं, 'आपलं हसू, आमची जबाबदारी.'

घरी आरशासमोर म्हणून बघितलं. चारदा. आवाज बरा लागतो. डावीकडचा स्नायू तेवढा उडत होता. सवयीनं जाईल.

पगार तोच. सुट्ट्या त्याच. मेणाचा वास नाही, बोटं भाजणं नाही. वाईट काय आहे?

रविवार, ३१ मार्च

क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मीच खोटं सांगेन.

सव्वासहाला आम्ही दोघंच उरलो. मापकाका आणि मी. मुलाचा बाप तिसरा गेला. मुलीच्या बापानं आज एकाएकी त्याच्या ऑल-इनला "बघतो" म्हटलं आणि त्याला अर्धा केला. नंतर कळलं, सकाळी फोनवर काहीतरी बोलणं झालं होतं. देवाणघेवाण अशी कुठेही निघते.

काकांकडे ब्लाइंडच्या बारापट, माझ्याकडे अकरापट. पहिलं बक्षीस म्हणजे टेबल, दुसरं म्हणजे फिरती खुर्ची. काकांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की मी आज कलत नाहीये. आज खुर्ची धड मिळाली होती.

काकांनी पानं बघितली. थांबले. मग सगळं पुढे ढकललं. आणि डावा जबडा उडाला. एकदा नाही, दोनदा. मी टेबलावर ओणवी होऊन बघितलं, इतका स्पष्ट.

माझ्या हातात गुलाम आणि सत्ती. समोरच्यानं सगळं लावल्यावर ही टाकायची पानं. दहाचा नियम आपण ढकलायला आहे. दुसऱ्यानं ढकललेलं बघायला जास्त दमदार काही लागतं. हेही काकांनीच शिकवलेलं. पण मला पानांची गरजच काय? मला जबडा दिसत होता.

"बघते."

काकांनी पानं उलटली. दोन राजे.

मध्ये पाच पानं पडली, त्यांत माझ्या कामाचं एकही नव्हतं. पडदेवाल्यानं टाळ्या वाजवल्या. मी चिप्स त्यांच्याकडे सरकवल्या आणि खुर्ची मागे घेतली. धड खुर्चीचा आवाजही धड येतो.

बाहेर जिन्यात काका थांबले होते. गालाला हात.

"बघायचं नव्हतं तुम्ही ताई. त्या पानांवर?"

"मला वाटलं तुमच्याकडे काही नाही."

"का वाटलं?"

सांगावं की नाही ते कळेना. खेळातली चोरी कबूल करण्यासारखं ते. पण हरलेल्या माणसाला लपवायला काय उरतं? म्हटलं, "तुमचा डावा जबडा उडतो, काका. थाप मारली की. तीन रविवार बघतेय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला आलं त्यांना, आणि हसताहसता दुखलं, म्हणून थांबले.

"थाप नाही हो. टोचतंय. खाली डावीकडे, मागच्या दाढेशी. दुपारी बरं असतं, साडेपाच-सहापर्यंत सुजतं. मग शांत बसलं तरी आपोआप आवळलं जातं."

मी दोन पायऱ्या उतरले. सगळं आपापल्या जागी बसत होतं, घंट्या, वेळा, पानं. संध्याकाळी त्यांचं दुखायचं, आणि संध्याकाळीच ते दहाच्या खाली यायचे आणि मिळेल त्या पानावर ढकलायचे. जबडा आणि थाप यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन्ही फक्त उशिरा उगवायचे.

"कधीपासून?"

"बसवल्यापासूनच."

"दीड महिना? आणि सांगितलं का नाही मला?"

"सांगायला आलो होतो एकदा. तुम्ही त्या वहीचं बोललात." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "डॉक्टरकडे गेलो असतो तर तुमच्या नावावर चढलं असतं. म्हटलं, एवढा महिना जाऊ दे, यांचं काय ते ठरू दे. मग दाखवू."

"आणि मला सांगत बसता, थांबायचं नाही म्हणून."

"ते चिप्सचं," म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कितवी?" म्हटलं, दुसरी. तो "अरे वा" म्हणाला. बक्षिसाचं पाकीट कुठे ठेवलं ते आठवत नाही.

आता आठवतंय ते एवढंच की फेब्रुवारीत ती कवळी माझ्या हातात होती, त्याच दिवशी डॉक्टरनं खोली बंद करायचं सांगितलं. मी दात बसवत होते आणि मनातल्या मनात त्याला फाडून खात होते. निळा कागद चावायला देऊन दाढा दोनदा तपासायच्या असतात. मी एकदाच तपासल्या.

चोवीस वर्षांत एकही तक्रार नाही. आता वाटतं, आणखी किती जणांनी रुमाल धरला असेल.

सोमवार, १ एप्रिल

सुतार साडेनऊलाच आला. डॉक्टर दहाला.

"मॅडम, मग? विचार केलात?"

"नाही केला. टेबल मी नेते."

तो क्षणभर मला जोखत उभा राहिला. "नक्की? म्हणजे, काम मिळेल किती, गिऱ्हाईक कोण..."

"एक आहे."

"पैसे देणारं?"

"नाही."

त्यानं सुताराला हाक मारली. वडील असते तर हसले असते.

खरं कारण इतकं किरकोळ आहे की इथे लिहायलाही संकोच वाटतो. ती दाढ घासायला मोटर लागते. दवाखान्यात नेली की वहीत चढणार, आणि काकांनी दीड महिना सोसलं ते पाण्यात जाणार. स्वतःची मोटर हवी, एवढंच. करारानुसार मी काउंटरवर बसायला हवं होतं. करार मोडला. तो माझ्याशीच होता, समोरच्या पार्टीची हरकत नाही.

रात्री हात मांडीवर ठेवून बसले होते.

बुधवार, ३ एप्रिल

टेबल आलं. लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा नवऱ्यानं लिफ्टच्या आतल्या छताचा पत्राच खोलला, टेबल उभं घातलं आणि वर आणलं. पुन्हा पत्रा लावला. शेजारीण म्हणाली, "लिफ्ट बंद आहे का?" तो म्हणाला, "बघू."

टेबल ठेवायला जागा कुठली, म्हणून मी चिंतेत होते. बाल्कनी नेमकी रिकामी होती, भंगार गेलेलंच होतं, आणि तो गुडघ्याच्या उंचीवरचा बिनकामाचा प्लग बरोबर टेबलाखाली आला. मोटर लागली, भट्टी लागली. कधीकधी नशीब असं साथ देतं. नवऱ्याला तसं म्हटलंही. तो वायर दाबून बसवत होता, मान वर केली नाही.

बाटल्यांचं मात्र मी विसरलेली नाही.

गुरुवार, ४ एप्रिल

सकाळी मोटर, निळा कागद आणि पॉलिशची चकती पिशवीत घालून मापकाकांकडे गेले. दोन खोल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर एक जुना तराजू, बहुधा खात्यातून आणलेला, त्याच्या एका पारड्यात औषधं. टेबलावर वाटीत दुधात भिजवलेला पाव.

"इथे कशाला आलात, मी आलो असतो."

"तोंड धुऊन या."

निळा कागद दाढांमध्ये ठेवला. "चावा. उघडा. पुन्हा चावा." खाली डावीकडे, शेवटच्या दाढेवर एकच निळा ठिपका, तिळाएवढा. बाकी कुठे काही नाही. दीड महिना सगळा जबडा त्या तिळावर उभा होता. कवळी काढून हातात घेतली तर खालच्या बाजूला हिरडी लाल, एक जुना व्रण, एक नवा. मी मोटर लावली.

घासलं. लावलं. चावा. ठिपका फिकट. पुन्हा घासलं. चौथ्यांदा कागद कोराच्या कोरा आला. कडेनं पॉलिश केलं, धुतलं, दिलं. त्यांनी डावीकडे चावून बघितलं, सावकाश, जसा काटा स्थिर होईपर्यंत थांबतात तसे थांबून. मग डब्यातून एक टोस्ट काढला आणि कडाकड चावला.

"किती झाले, ताई?"

"काही नाही."

"असं कसं? फुकट माप आमच्या खात्यात चालत नाही."

"हे काम फेब्रुवारीतलं आहे काका," मी मोटरची वायर गुंडाळत म्हटलं. "पैसे तुम्ही फेब्रुवारीतच दिलेत."